दाबा म्हणावं, सोडा म्हणावं

गाडीचा ब्रेक मऊ लागतो म्हणजे काय होतं, हे ज्याच्या पायाखाली ते कधी घडलं नाही त्याला सांगणं अवघड आहे. ब्रेक लागतच नाही असं नसतं. लागतो, पण पाय आधी खाली जातो, मग अजून खाली जातो, भातलावणीला खाचरात उतरल्यावर चिखलात जातो तसा जातो, आणि तळ लागेपर्यंत माणसाचे सगळे देव आठवून होतात. मला हा अनुभव पहिल्यांदा आला तो विंझरमध्ये, भर सकाळी, अर्धं गाव पारावर बसलेलं असताना. पुण्याहून मी जी लाल, बिनटपाची, दोनच माणसांची जुनी विलायती गाडी मोठ्या रुबाबात घेऊन आलो होतो, ती आमच्या घरासमोरच्या उतारावर थांबायला तयार होईना. मी पेडल दाबलं, परत दाबलं, आणि तिसऱ्यांदा दाबेपर्यंत गाडी शेजारच्या किसनतात्यांच्या पेंढ्याच्या गंजीत नाक खुपसून उभी होती. मी डोक्यावर पेंढा घेऊन तसाच स्टिअरिंग धरून बसलो होतो. तात्या शांतपणे चालत आले, गंजीकडं बघितलं, गाडीकडं बघितलं आणि म्हणाले, "दत्तू, परीक्षा झाली व्हय रं?"

"झाली, तात्या."

झाली कसली! परीक्षेला अजून अवकाश होता आणि मी ती देणारही नव्हतो. डिप्लोमा मी दिवाळीनंतरच सोडला होता, आणि पुण्यात कॉलेजच्या ऐवजी एका गॅरेजात जात होतो. ही गाडी त्या गॅरेजाच्या मागच्या अंगणात कितीतरी वर्षं पडलेली होती. सीटच्या स्प्रिंगांत साळुंक्यांनी संसार थाटला होता. कुणा साहेबानं ती रेसला पळवलेली म्हणे, आणि मग तो साहेब कुठं गेला ते कुणालाच माहीत नव्हतं. गॅरेजच्या मालकानं एक दिवस सांगितलं, चालू केलीस तर घेऊन जा, माझी जागा तरी मोकळी होईल. मी ती चालू केली. चालू करणं आणि थांबवणं या दोन वेगवेगळ्या विद्या आहेत हे त्या वयात मला माहीत नव्हतं.

माझे वडील, आण्णा, एस.टी.त ड्रायव्हर होते. भोर–वेल्हे, भोर–महाड अशा त्यांच्या ड्युट्या असायच्या. वरंधा घाट त्यांनी पावसात, धुक्यात, दरड पडलेली असताना चढून-उतरून पालथा घातलेला. डेपोतल्या एकूण एक ड्रायव्हर-कंडक्टरला त्यांनी सांगून ठेवलं होतं की आमचं पोरगं इंजिनिअर होणार. त्या सकाळी ते ड्युटीवर होते, पण विंझरमधली बातमी एस.टी.च्या आधी भोरला पोचते. संध्याकाळी ते घरी आले, अंगणात उभ्या लाल गाडीला वळसा घालून आत गेले, पाय धुतले, आणि आईला म्हणाले, "तुझ्या लेकाला विचार, कॉलेजचं काय झालं."

मी समोरच बसलो होतो. भाकरी हातात होती.

आईनं विचारलं, "काय झालं रं कॉलेजचं?"

"सोडलं," मी आईला म्हणालो.

"सोडलं म्हंतोय," आई आण्णांना म्हणाली, जणू मी तिकडं लांब सारोळ्याच्या पुलावरून बोलत होतो.

एवढंच. त्या दिवसापासून आण्णा माझ्याशी थेट एक शब्द बोलले नाहीत. आमच्याकडच्या घरांत बाप आणि वयात आलेला लेक तसेही फार बोलत नाहीत. जेवायला बोलवायचं, बैल पाण्यावर न्यायचे, काय ते आईमार्फतच चालतं. पण त्यात सहज असं काहीतरी असतं. आमचं तसं राहिलं नव्हतं. आण्णा म्हणायचे, "त्याला सांग, पाण्याची मोटर बंद कर." मी म्हणायचो, "आई, केली म्हणावं." आणि मधे आई, कधी पीठ मळत, कधी निवडत, कधी दोन्ही हात शेणात, आमचे निरोप इकडून तिकडं टाकत असायची. आज मला वाटतं, एवढ्या सगळ्या शब्दांत तिचा स्वतःचा एक शब्द बोलायला तिला सवड कधी मिळत असेल?

मला मात्र घरात एक काम मिळालं होतं: ब्रेक का मऊ लागतो ते शोधणं. माझ्या त्या शोधाचा क्रम आठवला की अजून कान गरम होतात. आधी वाटलं, पेडलचा दांडा सैल झालाय. तो आवळला. मग वाटलं, चाकातले लायनर झिजलेत. ते एवढे जवळ आणले की गाडी जागची हलेना, आणि जबरदस्तीनं हलवली तर चाकांतून धूर निघाला. माझी धाकटी बहीण शकू ओट्यावर गहू निवडत बसायची. ती म्हणाली, "दादा, आता ब्रेक लई बेस झालाय. गाडी सुरूच करू नको." शेवटी एका गोष्टीकडं लक्ष गेलं. पेडल एकदा दाबलं की खाली जायचं, पण लगोलग दोन-तीनदा दाबलं की वर यायचं आणि कडक लागायचं. म्हणजे नळ्यांत तेलाबरोबर हवा होती. तेल दबत नाही, हवा दबते. पाय दाबतोय खरा, पण सगळा जोर त्या हवेला चेपण्यात जातोय. हवा शिरली म्हणजे कुठून तरी तेल गळत असणार. डाव्या बाजूचं मागचं चाक काढलं तर आतून ओलं. आतल्या सिलेंडरचा रबरी वॉशर पार कुजलेला. विलायती वॉशर कुठं मिळणार? भोरला जाऊन एका जुन्या जीपचा आणला, आणि तो माझ्या नशिबानं बसला. आता नळ्यांतली हवा तेवढी काढायची राहिली, आणि ती एकट्यानं निघत नाही. एकानं गाडीत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागं आडवं होऊन छोटं निपल, म्हणजे हवा सोडायचा पोकळ स्क्रू, सैल करायचं, तेल आणि हवा भसकन बाहेर पडू द्यायची, निपल आवळायचं, आणि आवळल्यावरच पहिल्यानं पाय सोडायचा. त्याआधी पाय सोडला तर पेडल वर येताना तीच हवा परत आत ओढून घेतं.

शकूचं लग्न ठरलेलं होतं, गुंजवण्याच्या एका शेतकऱ्याच्या मुलाशी. तिनं जाहीर केलं होतं की सासरी जाईन तर दादाच्या लाल गाडीतनं, नाहीतर चालत जाईन. लग्न तोंडावर आलेलं, घरात पापड-कुरडयांचा घोळ सुरू. आण्णांची सुट्टी होती त्या दिवशी ते अंगणात आले, कमरेवर हात ठेवून गाडीकडं बघितलं, आणि चुलीकडं तोंड करून आईला म्हणाले, "शकी ह्या डब्यात बसणार आसंल तर ब्रेक म्या बगणार. सांग तुझ्या लेकाला."

"बगा म्हणावं," मी चाकामागून म्हणालो. "गाडीत बसून पेडल दाबा म्हणावं."

आण्णा चपला काढून गाडीत शिरले. उंच एस.टी.च्या सीटवर आयुष्य काढलेला माणूस तो. त्या गाडीत बुड जवळजवळ जमिनीला टेकायचं. गुडघे हनुवटीला लागले. "ह्याला विचार," ते म्हणाले, "गाडीत बसवलंय का पंगतीला?" शकूला हसू आवरेना. मग त्यांना आमचा बेत कळला आणि ते आणखी भडकले. "हवा काढतोय? ब्रेकातली हवा काढतोय? अगं, आमच्या गाडीची हवा गेली तर गाडी जागची हालत न्हाई! हवेवर ब्रेक असतो म्हणावं, हवेवर!"

"त्यांच्या गाडीचा असतो, ह्या गाडीचा तेलावर असतो म्हणावं."

"तेलावर म्हंतोय," आई म्हणाली.

आई त्या वेळी अंगणातल्या चुलीवर कुरडयांचा चीक घाटत होती. ज्यांनी हे काम बघितलंय त्यांना कळेल. भिजवून, वाटून, गाळून काढलेला गव्हाचा चीक उकळत्या पाण्यात घातला की हात थांबवता येत नाही. थांबला की गुठळी. मोठं पातेलं, त्यात उलथन्याचा दांडा, आई घामाघूम, धूर डोळ्यांत, आणि पलीकडं शकू सोऱ्या धुऊन बाजेवर स्वच्छ धोतर पसरून वाट बघत बसलेली. अशा बाईच्या एका बाजूला गाडीत नवरा आणि दुसऱ्या बाजूला चाकामागं लेक.

"आई, दाबा म्हणावं!"

"दाबा म्हंतोय वो!"

"दाबलं म्हणावं!"

"दाबलंय रं!"

मी निपल सैल करायचो. खाली आईची स्टीलची वाटी धरलेली. फुर्र, फुस्स, करत फेसाळ तेल यायचं. तिकडं आण्णांचं पेडल तळाला जायचं. ते म्हणायचे, "गेलं खाली, सांग त्याला." आई एक वेढा घाटायची, धूर फुंकायची, मग म्हणायची, "गेलं म्हंत्यात खाली." मी ओरडायचो, "धरून ठेवा म्हणावं, सोडू नका!" आणि आईनं तोंड उघडेपर्यंत आण्णांनी आपला निरोप पोचला असं समजून पाय उचललेला असायचा. आत सुर्र असा बारीक आवाज व्हायचा. काढलेली सगळी हवा घरी परत. मी निपल आवळायचो आणि म्हणायचो, "आता सोडा म्हणावं." आण्णा म्हणायचे, "कवाच सोडलं." असं ऊन अंगणाच्या मध्यावर येईपर्यंत चाललं. वाटी भरली, ओतली, परत भरली. मी तेल ओतत राहिलो, हवा येत राहिली, आणि पेडल तसंच, चिखलात पाय.

निपलला एक नळी लावून तिचं टोक तेलात बुडवून ठेवलं असतं तर यातलं काहीही झालं नसतं. हे ज्ञान मला पुढं बऱ्याच वर्षांनी आलं. उशिरा आलं ते बरं झालं.

मला वाटलं, वॉशरच गळतोय. आण्णांना वाटलं, गाडीच भंगार आहे, आणि ते त्यांनी आईमार्फत कळवलं. मी आईमार्फत कळवलं की पाय धरून ठेवता येत नसेल तर तसं सांगावं. आण्णांनी कळवलं की वरंधा घाटात ज्या पायाच्या भरवशावर पन्नास-पन्नास माणसं गाडीत झोपून जातात त्याला कालचं पोर शिकवतंय. हा शेवटचा निरोप लांबलचक होता. तो अर्धा पोचवताना आईचा हात थांबला. तिनं पातेल्यात बघितलं. उलथनं वर काढलं तर त्याला लिंबाएवढी गुठळी चिकटलेली.

आईला मी त्याआधी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

"मी काय तुमचा टेलिफोन हाय?" उलथन्यावरून चीक गळत होता, आणि ती ते आळीपाळीनं आमच्या दोघांकडं रोखत होती. "पोरीच्या लग्नाचा चीक नासला माझा! एक म्हंतोय दाबा, एक म्हंतोय दाबलं, आन् मधी माझी उकळी! ह्याच्या तोंडाला काय झालंय, आन् तुमच्या कानाला काय झालंय? आजपास्नं ह्या घरात ज्याला जे सांगायचंय त्यानं त्याच्या तोंडानं सांगायचं. मला सांगितलं तर हे उलथनं हाय." आणि ती पाठ फिरवून पातेल्यातल्या गुठळ्या फोडायला बसली.

शकूनं सोऱ्या मांडीवर घट्ट धरला होता. चाकामागून मला गाडीच्या पोटाशिवाय काही दिसत नव्हतं. निपलवर पाना लावून मी तसाच पडून राहिलो. काय म्हणायचं? बापाला हुकूम कसा सोडायचा? मग गाडीच्या पत्र्यातून, माझ्या डोक्याच्या अगदी जवळ, आण्णांचा आवाज आला. घसा साफ केलेला.

"दाबू का?"

"दाबा," मी म्हणालो.

"दाबलं."

फुस्स.

"गेलं खाली."

"धरा."

"धरलंय."

पाना फिरवला. "सोडा."

"सोडलं."

या खेपेला सुर्र झालं नाही. आम्ही दोघांनीही ते ऐकलं, म्हणजे ते न झालेलं ऐकलं. पुढच्या खेपेला फेस कमी झाला. त्याच्या पुढं अजून कमी. दाबू का, दाबा, गेलं, धरा, सोडा. शेवटी निपलमधून तेलाची सरळ, बारीक, अखंड तार आली, मधे एक बुडबुडा नाही. आण्णांनी पेडल दाबलं आणि ते अर्ध्यात दगडासारखं थांबलं. "आता लागला," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही, पण आईला नक्कीच नाही. एक चाक झालं होतं, तीन राहिली होती. ऊन कलेपर्यंत आम्ही ती तीनही केली, आणि मला ती संपूच नयेत असं वाटत होतं.

शकू लाल गाडीतूनच सासरी गेली. दोन सीटच्या गाडीत आम्ही तिघं होतो. नवरदेव एका कुल्ल्यावर बसून दाराबाहेर लोंबकळत होते, एका हातानं फेटा धरून. उतारावर मी उगीचच दोन-चारदा ब्रेक दाबला, तर दाजी म्हणाले, "आवो, नारळ पडतोय मांडीवरचा." ब्रेक झकास लागत होता.

शकू गेली आणि घर मोठं झालं. मला वाटलं होतं, आता तोंड उघडलंय तर आण्णा बोलतील. कुठलं काय! गाडी उभी राहिली आणि आण्णांचं बोलणंही तसंच उभं राहिलं. आई तिच्या शब्दाला पक्की, निरोप न्यायला तयार नाही. म्हणजे आधी आईमार्फत का होईना जे येत होतं, तेही बंद. जेवताना आण्णा भाताच्या पातेल्याकडं नुसतं बघायचे आणि मी ते सरकवायचो. ताकाचा चमचा वाजायचा तेवढाच. आंबेमोहराचा तो वास अजून नाकात आहे, आणि त्याच्याबरोबर ती शांतताही. मला त्या दुपारी पत्र्यातून आलेला "दाबू का?" आठवायचा आणि जेवण जायचं नाही.

मग मी एक उद्योग केला. हुशारीचे उद्योग मला आयुष्यात फार थोडे जमलेत. हा त्यातला एक, आणि तो निव्वळ चावटपणाचा होता. आण्णांच्या सुट्टीच्या दिवशी पहाटे उठलो, मागच्या चाकाचं निपल सैल केलं, पेडल दाबून सोडलं, सुर्र, आणि निपल परत आवळलं. चहाच्या वेळी भिंतीला सांगितलं, "ब्रेक परत मऊ लागाय लागलाय." आण्णांनी बशी खाली ठेवली. काही न बोलता बाहेर गेले, चपला काढल्या, गाडीत शिरले. आम्ही एक-दोन चाकांची हवा काढली. पुढच्या सुट्टीला परत ब्रेक मऊ. त्याच्या पुढच्या सुट्टीलाही. पोरींच्या वेण्या सुटाव्यात तसा माझ्या गाडीचा ब्रेक दर आठवड्याला सुटायला लागला. आई एकदा मला एकटं गाठून म्हणाली, "तुझ्या गाडीला काय सुट्टीचा वार कळतो का रं?" मी मान खाली घालून पाना पुसत राहिलो.

आणि त्या हवेच्या निमित्तानं, दाबा आणि सोडा यांच्या मधल्या फटीतून, हळूहळू दुसरंही काही यायला लागलं. आधी गाडीचंच. मग भोरच्या डेपोतलं. मग घाटात एकदा त्यांच्या गाडीपुढं बिबट्या आडवा बसला होता ते. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, त्यांना माझं दिसत नव्हतं, म्हणूनच ते जमत होतं. एकदा मी निपल आवळलं, पण "सोडा" म्हणायच्या आतच ते वरून म्हणाले, "कॉलेज का सोडलंस?"

मी गाडीच्या पोटाकडं बघत राहिलो. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या.

"गणित जमत नव्हतं, आण्णा. दोनदा बसलो. लाज वाटाय लागली."

पेडल त्यांनी तसंच दाबून धरलेलं होतं.

"मग मला सांगायचं न्हाई?"

"धीर झाला नाही."

"हं." मग म्हणाले, "मला सातवीत न्हवतं जमत. म्हणून तर ड्रायवर झालो." आणि थोड्या वेळानं, "सोडू का आता? पाय भरून आलाय."

"सोडा, आण्णा."

माझ्या गॅरेजात आता एक यंत्र आहे. नसरापूर फाट्यावर माझं गॅरेज. शनिवार-रविवारी राजगड बघायला येणाऱ्या पुण्याच्या गाड्या घाटात ब्रेक तापवून माझ्याकडं येतात. त्या यंत्राची नळी निपलला लावली की ते एकटंच हवा ओढून काढतं. दुसरा माणूस लागत नाही. दाबा नाही, सोडा नाही. गिऱ्हाईक बाजूला मोबाईल बघत उभं असतं. काम स्वच्छ होतं, वेळ वाचतो. मी ते यंत्र बंद करतो तेव्हा एकदम फार शांत वाटतं, आणि मी उगीच कुणाशीतरी बोलायला लागतो.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. त्याच पावसाळ्यात भाताची रोपं तरारलेली, लावणीचे दिवस जवळ आलेले. त्या आठवड्यात मला भोरच्या एका गॅरेजात काम लागलं होतं. त्या गडबडीत मी निपलला हातही लावला नव्हता. आदल्या संध्याकाळीच गाडी बाजारात नेऊन आणली होती, आणि ब्रेक असा होता की पाय ठेवला की गाडी जागेवर. सकाळी तोंड धुवून मी अंगणात आलो तर आण्णा आधीच गाडीत बसलेले. चपला शिस्तीत बाहेर काढून ठेवलेल्या, गुडघे हनुवटीला लागलेले. त्यांनी पेडल दाबलं. मला उभ्या जागेवरून दिसत होतं, ते तसूभरही खाली गेलं नाही.

"दत्तू," ते समोर बघत म्हणाले, "ब्रेक मऊ लागतोय रं."

"काल तर..." म्हणून मी थांबलो. आयुष्यात योग्य वेळी तोंड बंद ठेवायचं मला जमलं असेल तर ते त्या एकाच सकाळी.

ओट्यावरनं पाना घेतला, वाटी घेतली, आणि चाकामागं आडवा झालो. निपल उघडलं. स्वच्छ, सरळ तार, फेस नाही, बुडबुडा नाही.

"हाय का हवा?" पत्र्यातून आवाज आला.

"हाय की, आण्णा," मी म्हणालो. "लई हाय."

"म्या म्हनलंच. दाबू का?"

"दाबा."